हरित ऊर्जेचे दुर्मिळ मृदा खनिजांवरील अवलंबित्व

पवनचक्क्यांची जनित्रे आणि विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या मोटरी यांत लागणारे शक्तिशाली चुंबक, तसेच ते ज्यांपासून बनतात ती दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये, बहुतेक देशांना मुख्यत्वे चीनमधून आयात करावी लागणे. दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये एकूण १७ आहेत : लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतची १५, शिवाय स्कँडियम आणि इट्रियम. हरित ऊर्जेच्या संदर्भात त्यांतली चारच निर्णायक ठरतात : निओडिमियम, प्रासिओडिमियम, डिस्प्रोसियम आणि टर्बियम.

सौर पॅनेल आणि बॅटऱ्या यांनाही ही मूलद्रव्ये लागतात, असा एक गैरसमज फार पसरलेला आहे. नेहमीच्या सिलिकॉनच्या सौर पॅनेलमध्ये दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये नसतात. लिथियम, कोबाल्ट आणि निकेल ही या कुळातली नव्हेत, आणि लिथियम-आयन बॅटरीचे कामही या मूलद्रव्यांशिवाय चालते. जुन्या हायब्रिड गाड्यांच्या निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीत लँथॅनम असे, पण ती आता मागे पडत चालली आहे. बातम्यांमध्ये ‘महत्त्वाची खनिजे’ या एका नावाखाली हे सगळे एकत्र येते आणि गोंधळ होतो. प्रत्यक्षात हे अवलंबित्व जवळजवळ सगळे चुंबकांपुरते आहे.

निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचा चुंबक १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्सचे जॉन क्रोट यांनी स्वतंत्रपणे शोधला. त्याच्या वजनाचा सुमारे ३० टक्के भाग दुर्मिळ मृदा धातूंचा असतो. स्वस्त फेराइट चुंबकाच्या तुलनेत त्यात साधारण दहापट चुंबकीय ऊर्जा मावते, त्यामुळे मोटर लहान आणि हलकी करता येते. मात्र तापला की त्याचे चुंबकत्व ढासळू लागते. ते टिकावे म्हणून थोडे डिस्प्रोसियम किंवा टर्बियम मिसळतात, आणि नेमकी हीच दोन मूलद्रव्ये मिळवणे सर्वांत कठीण आहे. विजेवरील मोटारगाडीला साधारण एक ते दोन किलो चुंबक लागतात. गिअरबॉक्स नसलेल्या, थेट पात्यांच्या गतीने फिरणाऱ्या पवनचक्कीच्या जनित्रात दर मेगावॉटमागे हे प्रमाण सुमारे ६०० किलोपर्यंत जाते. समुद्रातल्या पवनचक्कीवर दुरुस्तीसाठी जाणे खर्चाचे असते. त्यामुळे तिथे नादुरुस्त होणारा गिअरबॉक्सच नको, असा विचार केला जातो. जमिनीवरच्या पुष्कळशा पवनचक्क्या मात्र गिअरबॉक्स असलेल्या आणि चुंबकाविना चालणाऱ्या आहेत.

भूकवचात ही मूलद्रव्ये तशी कमी नाहीत. सिरियमचे प्रमाण तांब्याच्या जवळपास आहे आणि कुळातले अतिशय विरळ असे थुलियमही सोन्यापेक्षा कितीतरी अधिक आहे. अडचण अशी की ती एका जागी दाट साठ्याच्या रूपात क्वचित सापडतात, आणि सापडली तरी सगळी एकमेकांत मिसळलेली. अणूंच्या बाहेरच्या कक्षेतील इलेक्ट्रॉनांची रचना जवळजवळ सारखी असल्याने त्यांचे रासायनिक वर्तनही सारखे. प्रासिओडिमियमला निओडिमियमपासून वेगळे काढायचे तर धातुक आम्लात विरघळवून तो द्रव सेंद्रिय विद्रावकासोबत पुन्हा पुन्हा घुसळावा लागतो आणि निवळू द्यावा लागतो. दर टप्प्याला दोहोंचे प्रमाण थोडेसेच बदलते, म्हणून असे शेकडो टप्पे एकापुढे एक जोडावे लागतात. शिवाय खाणीतून हवे तेवढेच निओडिमियम काढता येत नाही. त्याच्यासोबत लँथॅनम आणि सिरियमचे ढीग येतात आणि त्यांना पुरेसे गिऱ्हाईक नसते.

हे अवलंबित्व मुळात जमिनीखालच्या साठ्यांमुळे आले नाही, विलगीकरणाच्या या कौशल्यातून आले आहे. १९६० च्या दशकापासून जगाचा प्रमुख पुरवठा कॅलिफोर्नियातील माउंटन पास खाणीतून होत असे. रंगीत दूरचित्रवाणीच्या पडद्यातील लाल रंगासाठी लागणारे युरोपियम तिथूनच येई. चीनकडे आंतरिक मंगोलियातील बायान ओबो ही लोहखनिजाची प्रचंड खाण होती आणि दुर्मिळ मृदा तिथे जोडउत्पादन म्हणून स्वस्तात मिळत. १९७० च्या दशकात पेकिंग विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ श्वू ग्वांगश्येन यांनी विलगीकरणाचे टप्पे आधीच गणिताने ठरवण्याची पद्धत मांडली, आणि प्रयोगशाळेतले काम कारखान्यात उतरले. चिनी मालाची किंमत आणि सांडपाण्याच्या गळतीवरून झालेली कारवाई या कात्रीत सापडून माउंटन पास २००२ मध्ये बंद पडली. आज खाणकामात चीनचा वाटा सुमारे दोनतृतीयांश आहे, शुद्धीकरणात आणि चुंबकनिर्मितीत मात्र तो ९० टक्क्यांच्या आसपास जातो. खाणीपासून कारखान्याकडे जाताना वाढत जाणारा हा वाटाच अधिक बोलका आहे.

या स्वस्ताईची किंमत चीनमधल्या जमिनीने आणि पाण्याने मोजली. धातुकात थोरियम असल्याने उरणारा गाळ किरणोत्सारी असतो. पाओतौ शहराजवळचा अशा गाळाचा विस्तीर्ण तलाव त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. डिस्प्रोसियम आणि टर्बियम मुख्यतः दक्षिण चीनमधील चिकणमातीतून येतात. तिथे डोंगरात अमोनियम सल्फेटचे द्रावण सोडून धातू धुऊन काढतात आणि ते द्रावण भूजलात झिरपते. चीनने स्वतःकडे निर्बंध कडक केले तेव्हा हे काम सीमेपलीकडे म्यानमारच्या काचिन प्रांतात सरकले. २०२४ च्या अखेरीस तिथला खाणपट्टा काचिन इंडिपेन्डन्स आर्मी या बंडखोर संघटनेच्या हाती गेला. म्हणजे डिस्प्रोसियम-टर्बियमसारख्या जड दुर्मिळ मृदांच्या कच्च्या मालासाठी खुद्द चीनही आयातीवर विसंबून आहे.

या पकडीची जाणीव जगाला २०१० मध्ये झाली. जपान आणि चीन दोघेही हक्क सांगत असलेल्या सेन्काकू बेटांजवळ चिनी मासेमारी बोट जपानी गस्ती नौकांवर आदळली, तिच्या कप्तानाला जपानने अटक केली आणि त्यानंतर जपानकडे जाणारा माल अडला. भाव अनेक पटींनी चढले आणि २०११ नंतर तितक्याच वेगाने कोसळले. जागतिक व्यापार संघटनेने २०१४ मध्ये चीनच्या निर्यात कोट्यांविरुद्ध निर्णय दिला. पण तोवर चढ्या भावांच्या भरवशावर माउंटन पास पुन्हा उघडणारी मॉलिकॉर्प कंपनी कर्जात बुडत होती. तिने २०१५ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या आयातशुल्काला उत्तर म्हणून चीनने सात मूलद्रव्ये आणि त्यांचे चुंबक यांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला. काही आठवड्यांतच फोर्डचा शिकागोतील कारखाना आणि सुझुकीचे जपानमधील स्विफ्टचे उत्पादन काही दिवस थांबले. या मुख्यतः पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्या होत्या, हे विशेष. पॉवर स्टीअरिंगपासून अनेक छोट्या भागांत हेच चुंबक असतात. हे परावलंबन केवळ हरित ऊर्जेच्या माथी मारणे त्यामुळे न्यायाचे नाही.

तेलाच्या आयातीशी याची तुलना नेहमी केली जाते, ती फार जपून करावी. तेल जळून जाते आणि पुरवठा थांबला की वाहने थांबतात. पवनचक्कीतला चुंबक २०-२५ वर्षे तिथेच राहतो. आयात तुटली तर नवी उभारणी अडते, चालू असलेली वीज बंद पडत नाही.

पर्याय उभे करण्यात जपानने सर्वांत आधी चिकाटी दाखवली. २०११ मध्ये त्याने ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीत २५ कोटी डॉलर गुंतवले आणि पडत्या भावांतही तिला सावरले. तिच्या मलेशियातील प्रकल्पात, स्थानिकांच्या दीर्घ विरोधानंतरही, ऑस्ट्रेलियातील माउंट वेल्ड खाणीचे खनिज शुद्ध होते, आणि २०२५ पासून डिस्प्रोसियमही निघू लागले. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने जुलै २०२५ मध्ये माउंटन पासच्या नव्या मालक कंपनीला किमान भावाची हमी दिली. चीनला भाव पाडून स्पर्धक संपवता येतात, या अनुभवातून आलेले हे शहाणपण. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याने २०३० पर्यंत कोणत्याही व्यूहात्मक महत्त्वाच्या कच्च्या मालाचा ६५ टक्क्यांहून अधिक वाटा एकाच बाहेरच्या देशातून येऊ नये, असे उद्दिष्ट ठेवले आहे. भारताच्या किनारी वाळूत मोनाझाइट या दुर्मिळ मृदायुक्त खनिजाचे मोठे साठे आहेत, पण थोरियममुळे ते अणुखनिजांच्या नियमांत येतात आणि जड मूलद्रव्ये त्यांत अत्यल्प. वर्षाला ६,००० टन चुंबकांच्या क्षमतेसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना भारत सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये मंजूर केली.

चुंबकच टाळणे हा दुसरा मार्ग. बीएमडब्ल्यू आणि रेनो यांच्या काही मोटरींत चुंबकाऐवजी विद्युतप्रवाह सोडलेली तारेची वेटोळी असतात. वजन आणि कार्यक्षमता यांत थोडी तडजोड करावी लागते, इतकेच. पुनर्वापराचा वाटा अजून नगण्य आहे. चुंबक मोटरीच्या पोटात घट्ट चिकटवलेले असतात, ते सोडवणे जिकिरीचे, आणि मोठ्या पवनचक्क्यांपैकी बहुतेक अजून मोडीत निघायच्याच आहेत.