ओव्हरपेअरसमोर चेक-रेज: साधा पॉट आणि थ्री-बेट पॉट

पोकरचा (होल्डेमचा) डाव, हातात दोन राण्या. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन सामायिक पानांत, इस्पिकची नव्वी, इस्पिकची सत्ती आणि चौकटची दुर्री. समोरचा चेक करतो (पैसे न लावता पाळी पुढे देतो), तुम्ही बेट लावता आणि तो रेज करतो, म्हणजे बेट वाढवतो: हाच चेक-रेज. अशा वेळी बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न येतो: ओव्हरपेअर (बोर्डवरच्या सगळ्या पानांहून मोठी जोडी) आहे, सोडायची कशी? त्याच्याही आधी बघायला हवं ते हे, की फ्लॉपच्या आधी रेज एकदाच झाला होता की थ्री-बेट, म्हणजे त्या रेजवर पुन्हा रेज, झाली होती. दोन्ही पॉटमध्ये (पॉट म्हणजे मधे जमलेले पैसे) पडद्यावर दिसणारं चित्र जवळपास सारखंच असतं. ऑनलाइन टेबलावर चिपांचे ढीग डोळ्यांत भरत नाहीत, नुसते आकडे असतात, आणि तीन-चार टेबलं एकदम उघडी असली की आकड्यांकडे दुर्लक्ष होतं. मग एका पॉटची सवय दुसऱ्यात चालवली जाते, आणि ती महागात पडते.

आधी साधा, म्हणजे एकाच रेजचा पॉट घेऊ. सगळे आकडे बिग ब्लाइंडमध्ये (पानं बघण्याआधी सक्तीने लावायच्या दोन रकमांपैकी मोठी; धाकटी ती स्मॉल ब्लाइंड; ती लावणाऱ्यांनाही हीच नावं), दोघांकडे 100. तुम्ही बटणवरून (फ्लॉपपासून शेवटी बोलायची जागा) 2.5 चा रेज केलात, स्मॉल ब्लाइंडने फोल्ड केलं (पानं टाकली), बिग ब्लाइंडने कॉल केला (तेवढेच पैसे भरले). पॉट 5.5 आणि मागे प्रत्येकी 97.5, म्हणजे पॉटच्या जवळपास 18 पट. तुम्ही 2 लावले, त्याने 8 केले. कॉलला 6 लागतात आणि त्यानंतर पॉट 21.5 होतो, म्हणजे पुढच्या बेट बाजूला ठेवल्या तर 28 टक्के इक्विटी (जिंकायची शक्यता) पुरते. राण्यांकडे तेवढी सहज असते. फोल्डचा विचार इथे करूच नका. पैसे जातात ते दुसऱ्याच चुकीने: घाईघाईत पुन्हा रेज करण्याने.

समोरच्याचा 1 ब्लाइंड आधीच आत होता, त्यामुळे त्याने भरपूर हातांनी कॉल केलेला असतो. नव्व्या, सत्त्या, दुर्र्या यांचे सगळे सेट (हातातली जोडी आणि बोर्डवरचं तिसरं तेच पान) त्याच्याकडे असू शकतात; प्रत्येकी 3 कॉम्बो (हातातल्या दोन पानांच्या वेगवेगळ्या जुळण्या), एकूण 9. सूटेड (एकाच रंगाच्या) नव्वी-सत्तीचे आणखी 3. उरलेले बरेचसे ड्रॉ असतात, म्हणजे फ्लश (एका रंगाची पाच पानं) किंवा स्ट्रेट (ओळीची पाच पानं) व्हायची वाट बघणारे हात. तुम्ही 24 चा रेज केलात की त्यातले फुसके ड्रॉ आणि निव्वळ ब्लफ निघून जातात आणि मागे राहतात सेट, टू पेअर आणि सगळ्यात तगडे ड्रॉ. सेटसमोर राण्यांना वाचवणारी पानं दोनच, शक्यता दहा टक्क्यांच्या आसपास. आणि तगडा ड्रॉ म्हणजे किती तगडा? इस्पिकची अठ्ठी-छक्की घ्या. इस्पिकची 9 पानं, शिवाय इस्पिक सोडून 3 दश्शा आणि 3 पंज्या, असे 15 आऊट (हात बनवणारी पानं). दोन पानं अजून पडायची असताना हा हात राण्यांपेक्षा किंचित पुढेच असतो, 55 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे जे हात पॉटमध्ये राहावेत असं तुम्हाला वाटतं ते तुम्हीच हाकलता, आणि उरलेले 95.5 नको त्या हातांसमोर टाकता.

म्हणून कॉल. पण कॉल केला म्हणजे सगळा स्टॅक (आपल्याकडचे सगळे पैसे) घालायचं कबूल केलं, असं नाही. टर्नला (चौथ्या पानाला) पॉट 21.5 आणि मागे 89.5 असतात. त्याने 14 लावले आणि तुम्ही कॉल केलात तर रिव्हरला (पाचव्या, शेवटच्या पानाला) पॉट 49.5 आणि मागे 75.5. निर्णय अजून शिल्लक असतो, आणि पोझिशनही तुमची असते, म्हणजे तुम्ही त्याच्यानंतर बोलता. टर्नला बदामची तिर्री पडली तर पुढे चला. इस्पिक किंवा अठ्ठी पडली आणि मोठी बेट आली तर थांबून विचार करा. लहान स्टेकच्या टेबलांवर चेक-रेज करून पुढे टर्न आणि रिव्हर दोन्हीकडे मोठी बेट लावणाऱ्याकडे बहुतेक वेळा खरंच पान असतं, हे माझं ठाम मत आहे. तिथे रिव्हरला मी राण्या सोडतो.

इथे एक बारीक गोष्ट, जी फार जण बघत नाहीत: तुमच्या दोन राण्यांत इस्पिकची आहे का? नसेल तर समोरच्याकडे दोन इस्पिक असण्याचे 55 कॉम्बो उरतात; असेल तर 45. इस्पिकची राणी तुमच्याकडे असणं फ्लॉपवर बरं वाटतं, पण फ्लश न लागता रिव्हर आला की तीच राणी नडते, कारण हुकलेले ब्लफ त्याच्याकडे तेवढे कमी असतात.

आता थ्री-बेट पॉट. कटऑफने (बटणच्या आधीच्या जागेवरच्याने) 2.5 चा रेज केला, तुम्ही बटणवरून 8 केले, ब्लाइंड गेले, त्याने कॉल केला. पॉट 17.5, मागे 92, म्हणजे साधारण 5 पट. फ्लॉप तोच. तुम्ही 6 लावले, त्याने 18 केले. कॉलला 12 लागतात आणि 22 टक्के पुरतात. कॉलनंतर पॉट 53.5 आणि मागे फक्त 74. एक मोठी बेट आली की सगळं आत.

त्याच्या हातात काय असेल, तेही बदललेलं असतं. दुर्र्यांची जोडी आणि सूटेड नव्वी-सत्ती थ्री-बेटसमोर बहुतेक वेळा आधीच गेलेली असतात. सेटचे कॉम्बो 9 वरून 6 वर आले. त्याच वेळी दश्शांचे 6 आणि गुलामांचे 6 कॉम्बो पॉटमध्ये आहेत, आणि अशा ओल्या (ड्रॉ भरपूर असलेल्या) बोर्डवर ते सेफ समजून रेज करणारे खूप असतात. ते सगळे तुमच्यापेक्षा कमजोर आहेत. एक्के आणि राजे बहुधा फ्लॉपआधीच फोर-बेट (थ्री-बेटवर आणखी एक रेज) झाले असते. सगळा स्टॅक घालायचा तर निर्णयाच्या क्षणापासून 86 देऊन 201.5 चा पॉट मिळतो, म्हणजे 43 टक्के हवेत. साध्या पॉटमध्ये हाच आकडा 48 च्या जवळ जातो. आकड्यांतला फरक पाचेक टक्क्यांचाच, पण त्यामागची रेंज (त्याच्याकडे असू शकणारे सगळे हात) कितीतरी हलकी. इथे राण्या फोल्ड करणं म्हणजे सरळ पैसे टाकून देणं.

कॉल की ऑल-इन (सगळा स्टॅक एकदम लावणं)? या बोर्डवर मला ऑल-इन आवडतो. इस्पिक किंवा एक्का-राजा पडला की दश्शा-गुलाम बिचकतात आणि पुढे पैसे देत नाहीत, आत्ता देतील. ऑल-इन कॉल करायला त्याला 37 टक्के लागतात आणि साध्या फ्लश ड्रॉकडे जेमतेम 35-36 असतात. नव्वी-पंजी-दुर्री, तिन्ही वेगळ्या रंगांची, असा कोरडा बोर्ड असेल तर मात्र कॉल करून त्याला आणखी ब्लफ करू द्यावं.

थ्री-बेट झाली की नाही, यापेक्षाही स्टॅक पॉटच्या किती पट आहे हे महत्त्वाचं. स्टॅक 40 चा असेल तर साध्या पॉटमध्येही मागे पॉटच्या सातपटीपेक्षा कमीच उरतात आणि राण्या घेऊन शेवटपर्यंत जाता येतं. स्टॅक 200 चा असेल तर थ्री-बेट पॉटमध्येही 11 पट राहतात, तिथे पुन्हा सबुरी हवी. आणि साध्या पॉटमध्ये तिघं असतील, तुमच्या बेटवर मधल्याने कॉल केलेला असेल आणि त्यानंतर चेक-रेज आला असेल, तर रेज करणाऱ्याने दोघांना तोंड द्यायची तयारी ठेवलेली असते. 100 च्या स्टॅकवर, रेज मोठा असेल तर, तिथे राण्या फ्लॉपवरच सोडायलाही हरकत नाही.