बैल सर्कशीच्या यादीत कसा गेला? बैलगाडा बंदीची पार्श्वभूमी

मैदानं भरताहेत, घाटात म्हणजे शर्यतीच्या चढावर बाऱ्या (गाड्यांच्या धावा) पळताहेत, त्यामुळे बैलगाडा शर्यतींवरची बंदी ही आता मागची गोष्ट वाटते. कायद्याच्या कागदावर मात्र बैल ११ जुलै २०११ रोजी ज्या यादीत जाऊन बसला, तिथून तो अजून निघालेला नाही. महाराष्ट्रात शर्यत चालते ती राज्याने स्वतःच्या कायद्याने मिळवलेल्या सवलतीवर. बंदीवरचं राजकारण, बैलांचा बाजार आणि खेळाचं बदललेलं रूप समजून घ्यायचं तर सुरुवात या यादीपासून करावी लागते. ग्रामदैवताच्या यात्रा, नवसाच्या बाऱ्या, पुणे जिल्ह्यातला घाट, साताऱ्या-सांगलीकडचा छकडा आणि विदर्भातला शंकरपट ही सगळी या शर्यतीचीच रूपं, हे वाचकांना वेगळं सांगायला नको.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा केंद्राचा कायदा १९६० चा. त्यात खेळ करून दाखवणाऱ्या प्राण्यांसाठी एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातलं कलम २२ म्हणतं की केंद्र सरकार ज्या प्राण्यांची नावं अधिसूचनेने जाहीर करील, त्यांचे खेळ करता येणार नाहीत आणि खेळासाठी त्यांना शिकवताही येणार नाही. या कलमाखाली १९९१ मध्ये अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि कुत्रा अशी यादी निघाली. सर्कसवाले न्यायालयात गेले. १९९८ मध्ये नवी यादी आली. तीत कुत्रा गेला आणि सिंह आला. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ती कायम ठेवली आणि सर्कशीच्या तंबूतले पिंजरे रिकामे होऊ लागले. इथवरचा सगळा वाद सर्कशीचा होता, गावच्या यात्रेशी त्याचा काही संबंध नव्हता.

दहा वर्षांनी याच यादीत बैल घालण्यात आला. शर्यतींसाठी वेगळा कायदा झाला नाही आणि शर्यत हा शब्दही अधिसूचनेत नव्हता. वाघ-सिंहांच्या रांगेत आणखी एका प्राण्याचं नाव जोडलं गेलं, एवढंच. संसदेत चर्चा लागत नाही, राज्यांची संमती लागत नाही, मंत्रालयातून राजपत्रात गेलं की काम झालं. क्रूरता होत नव्हती असं कुणी प्रामाणिकपणे म्हणणार नाही. शेपट्या पिरगाळणं, टोकदार खिळ्याने टोचणं, बॅटरीचा झटका देणं हे प्रकार घाटात उभ्या राहिलेल्या प्रत्येकाने पाहिलेले आहेत. पण या प्रकारांवर नेम धरून नियम करण्याऐवजी प्राण्याचंच नाव यादीत घालण्याचा सोपा मार्ग निवडला गेला. माझ्या मते पुढच्या बारा वर्षांच्या गोंधळाचं मूळ या निवडीत आहे.

कारण त्या प्रकरणात ‘खेळ दाखवणे’ याची व्याख्या दिलेली आहे: तिकीट विकून लोकांना आत सोडलं जातं अशा करमणुकीत प्राण्याचं प्रदर्शन करणे. सर्कशीला ही व्याख्या चपखल बसते. गावच्या घाटाला मात्र ना दार, ना तिकीट. डोंगरउतारावर जागा मिळेल तिथे माणूस बसतो. गाडामालकांच्या वकिलांनी हा मुद्दा वारंवार मांडला. दुसरीकडे रेसकोर्सवर तिकीट आहे, पैज आहे, पैजेवर सरकारचा करही आहे, आणि घोडा त्या यादीत नाही. १९९६ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या शर्यती हा कौशल्याचा खेळ असल्याचं सांगून त्यांना जुगाराच्या व्याख्येबाहेर काढलं होतं. महालक्ष्मीला चालतं ते मंचरला का चालत नाही, हा जुन्नर-आंबेगावात पारापारावर विचारला गेलेला प्रश्न भाबडा नव्हता. कायद्याचा मजकूर वाचणाऱ्यालाही तो पडतो.

७ मे २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या तिकिटाच्या पेचात फार वेळ घालवला नाही. निकालाचा भार टाकला तो कलम ३ आणि कलम ११ वर, म्हणजे प्राण्याची काळजी घेण्याचं कर्तव्य आणि विनाकारण वेदना देण्यास मनाई यांवर. शिवाय बैलाची शरीररचना ओझं ओढण्याची आहे, घोड्यासारखी धावण्याची नाही, हा निष्कर्ष त्यात आला. तामिळनाडूचा जल्लीकट्टूविषयीचा, म्हणजे सोडलेल्या बैलाला धरण्याच्या खेळाविषयीचा, २००९ चा कायदा रद्द झाला. महाराष्ट्रात मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०१२ मध्ये बंदीच्या बाजूने निकाल दिला होता आणि राज्य सरकारने एप्रिलमध्ये परिपत्रक काढून शर्यती थांबवल्या होत्या, तेही कायम राहिलं. ‘बैल धावणारा प्राणी नाही’ हे एक वाक्य मग इतकं जड झालं की पुढे राज्याला पशुवैद्यकांची समिती नेमून बैलाच्या धावण्याच्या क्षमतेवर अहवाल करून घ्यावा लागला. शर्यतीची खिल्लार जात सांभाळणाऱ्या माणसाला या अहवालाची गंमत वाटली असणार.

बंदीच्या काळात खेळ पूर्ण थांबला नाही, तो आडोशाला गेला. पहाटे, माळावर, निरोपानिरोपी करून गाड्या पळत. पोलीस आले की पळापळ, मग गुन्हे. उघड्यावर चालणाऱ्या खेळाला किमान शे-दोनशे डोळ्यांचा धाक असतो, तोही या चोरट्या शर्यतींना राहिला नाही. यात्रेचं उत्पन्न बुडालं ते हलगीवाल्यांपासून भेळवाल्यांपर्यंत अनेकांचं. पण सर्वांत मोठा फटका बाजाराला बसला आणि त्यात केवळ शर्यतबंदीचा हात नव्हता.

मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्राची गोवंश हत्याबंदीची दुरुस्ती राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर लागू झाली. १९७६ च्या मूळ कायद्यात गाय वाचवली होती. बैल मात्र कामाचा राहिला नाही असा दाखला मिळाल्यास कत्तलीसाठी विकता येत असे. ती वाट बंद झाली. म्हणजे दहा महिन्यांच्या अंतराने एकाच जनावराबद्दल दोन निर्णय आले: त्याला पळवायचं नाही आणि म्हातारं झाल्यावर विकायचंही नाही. दोन्ही निर्णयांमागची माणसं वेगळी, हेतू वेगळे, युक्तिवाद वेगळे. दावणीला मात्र हिशेब एकच लागतो. ट्रॅक्टरने औताचं काम आधीच नेलं होतं. गोऱ्हा जन्मला तर त्याला वाढवायचं कशासाठी, याचं उत्तर दोन्ही बाजूंनी काढून घेतलं गेलं. देशाच्या पशुगणनेत २०१२ ते २०१९ या काळात गाई वाढल्या आणि नर गोवंश सुमारे ६.७९ कोटींवरून ४.७४ कोटींवर आला, म्हणजे तीस टक्के घट. ही सगळी घट शर्यतबंदीच्या माथी मारणं चुकीचं ठरेल. यांत्रिकीकरण आणि संकरित गाईंचा वाटा मोठा आहे. तरी ‘शर्यत बंद म्हणजे बैल वाचला’ हे म्हणणं या आकड्यापुढे अवघडतं, आणि ‘शर्यत सुरू म्हणजे खिल्लार वाचली’ हे म्हणणंही तितकंच. पळणारा बैल जातीतल्या हजारात एखादा असतो.

सुटकेचा पहिला प्रयत्न केंद्राने केला. ७ जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेत बैल यादीत ठेवला, पण जल्लीकट्टूला आणि महाराष्ट्रासह काही राज्यांतल्या बैलगाडा शर्यतींना अटींवर सूट दिली. तामिळनाडूत विधानसभेची निवडणूक चार-पाच महिन्यांवर होती, हा योगायोग मानायचा की नाही ते ज्याने त्याने ठरवावं. पाच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली. वर्षभराने चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर लाखोंचा जमाव बसला आणि तामिळनाडूने केंद्रीय कायद्यातच राज्यापुरती दुरुस्ती केली. प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध हा विषय समवर्ती सूचीतला आहे. केंद्राशी विसंगत कायदा राज्याला करता येतो, मात्र त्याला राष्ट्रपतींची मंजुरी लागते. २००९ च्या कायद्याला ती नव्हती. यावेळी ती घेतली गेली.

महाराष्ट्र याच वाटेने गेला. एप्रिल २०१७ मध्ये विधिमंडळाने फारसा विरोध न होता दुरुस्ती मंजूर केली, जुलैत राष्ट्रपतींची मंजुरी आली. बैलाला इजा केल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. मूळ कायद्यातल्या पहिल्या गुन्ह्याच्या किरकोळ दंडापुढे ही शिक्षा खूपच कडक होती. व्याख्येत ‘बैलगाडा शर्यत’, ‘छकडी’ आणि ‘शंकरपट’ ही नावं आली, आणि शर्यत ‘परंपरा व संस्कृती’ पाळण्यासाठी, जिल्हाधिकाऱ्यांनी आधी मंजूर केलेल्या दिवशी व ठिकाणी घ्यायची, असं लिहिलं गेलं. नियमांत हजार मीटरची मर्यादा घातली, काठी-चाबूक आणि विजेच्या झटक्याला मनाई केली. पण मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्येच परवानग्या रोखल्या आणि नियम आल्यावरही त्या रोखलेल्याच ठेवल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळी प्रकरणं घटनापीठाकडे सोपवली.

पुढची चार वर्षं गावागावांत खदखदली ती या टप्प्यामुळे. तामिळनाडूचा कायदा स्थगित नव्हता, जल्लीकट्टू चालू होता. कर्नाटकात कंबळा (रेड्यांची शर्यत) चालू होता. जवळपास त्याच मजकुराचा कायदा असलेल्या महाराष्ट्रात तेवढी बंदी. न्यायालयात बाजू कमी पडली की सरकारने पाठपुरावा केला नाही, यावर आरोप-प्रत्यारोप सुरू झाले. शिरूर लोकसभा मतदारसंघात २०१९ ला हा प्रचाराचा विषय झाला आणि पुढे खासदाराने गाड्यापुढे पळणाऱ्या घोडीवर बसायचं की नाही इथपर्यंत गोष्ट गेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये निमगाव दावडीच्या घाटात खासदार खरोखर घोडीवर बसून बारीपुढे पळाले. त्याआधी ऑगस्ट २०२१ मध्ये आटपाडी तालुक्यातल्या झरे गावच्या परिसरात एका आमदाराने बंदी झुगारून शर्यत भरवली. पोलिसांनी रस्ते अडवले, चर खणले, तरी पहाटे गाड्या पळाल्याच. गाडामालकांच्या संघटना हा प्रश्न कितीतरी वर्षं स्वतःच्या खर्चाने लढत होत्या. शेवटच्या वर्षात मात्र व्यासपीठावर त्यांना मागची रांग मिळाली.

१६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समान न्यायाच्या मुद्द्यावर महाराष्ट्राला २०१७ च्या कायद्याप्रमाणे शर्यती घेऊ दिल्या. त्याच संध्याकाळपासून फलक लागले. कायदा करणारे तेव्हा विरोधात होते आणि परवानगी मिळवणारे सत्तेत, त्यामुळे भंडारा दोन्हीकडे उधळला. गुन्हे मागे घेण्याच्या घोषणा झाल्या.

परत आलेला खेळ मात्र २०११ पूर्वीचा राहिलेला नव्हता. बक्षिसात ट्रॅक्टर, चारचाकी, थेट जेसीबीही ठेवला जाऊ लागला. कुस्तीतला ‘हिंदकेसरी’ किताब मैदानांना आणि बैलांना लागला. मोबाइलवर थेट प्रक्षेपण, वरून ड्रोन, निकालरेषेवर कॅमेरा. लाकडी छकड्याच्या जागी हलक्या पाइपची बांधणी आली. ‘आदत’ म्हणजे अजून दात न लावलेल्या गोऱ्ह्यांचे वेगळे गट झाले आणि त्या वयाच्या जनावरालाही लाखांत बोली लागू लागली. चार एकरवाल्या शेतकऱ्याला हे परवडत नाही. बैल त्याच्या दावणीला तयार होतो आणि नाव कमावतो ते खरेदीदाराच्या गाडीला, जो बहुधा जमीन विकलेला, बांधकामातला किंवा तालुक्याच्या राजकारणातला असतो. व्याख्येतली ‘परंपरा व संस्कृती’ यात्रेपुरती उरली नाही. वाढदिवस, सत्कार, निवडणुकीआधीचं शक्तिप्रदर्शन, सगळ्यासाठी मैदान भरतं आणि परवानगीच्या अर्जावर परंपरा हाच शब्द असतो. सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पीच्या साथीमुळे जनावरांचे बाजार आणि शर्यती काही काळ पुन्हा थांबवाव्या लागल्या, तेव्हा या नव्या धंद्यात किती पैसा अडकला आहे ते आयोजकांच्या धावपळीवरून कळलं.

१८ मे २०२३ च्या घटनापीठाच्या निकालाने तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. प्राण्यांना मूलभूत हक्क आहेत असं म्हणायला न्यायालय तयार झालं नाही, आणि एखादा खेळ संस्कृतीचा भाग आहे की नाही यात विधिमंडळाचं मत बाजूला सारायचं नाही असं ठरलं. दुरुस्ती आणि नियमांमुळे खेळाचं स्वरूपच बदललं आहे, म्हणून २०१४ मध्ये दिसलेले दोष आता लागू होत नाहीत, हा त्या निकालाचा गाभा. म्हणजे सगळा निकाल नियम पाळले जातात या गृहीतावर उभा आहे, आणि ती जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर टाकली आहे. एका दिवशी तालुक्यात तीन मैदानं असतील तर तपासायला पशुवैद्यक किती, याचं उत्तर निकालात नाही आणि नियमांतही नाही. मधल्या काळात, २०१९ ला, १९६० चा कायदा सांभाळण्याचं काम केंद्रात पर्यावरण खात्याकडून पशुसंवर्धन खात्याकडे गेलं आहे. त्याची दखल फारशी कुणी घेतली नाही.

शेजारच्या गोव्यात धिरयोचं तसं झालेलं नाही. दोन बैलांची झुंज लावण्यावर तिथे १९९० च्या दशकातच उच्च न्यायालयाने बंदी घातली. तिचा आधार प्राणी झुंजवण्यास मनाई करणारं कलम ११ होता, २२ ची यादी नव्हे. शेजारच्या राज्यांचे दाखले देत विधानसभेत धिरयो कायदेशीर करण्याची मागणी पक्षभेद विसरून अधूनमधून उठते. तशी दुरुस्ती गोव्याने अजून केलेली नाही, आणि झुंजी शेतात, भरदुपारी, फोनवरच्या निरोपावर चालू आहेत.