शेपटीवरून गोत्र ठरत नाही

पावसाळ्यात एक-दोन दमदार सरी झाल्या की सोलापूरच्या काळ्या रानात, बांधाच्या कडेला किडामार तरारून येतो. जमिनीलगत पसरणारी ही उग्र वासाची वनस्पती. जनावरंही सहसा तिला तोंड लावत नाहीत. तिची पानं हळूच उलटून पाहिली तर कधी कधी खाली एक जाडजूड, मखमली, काळपट लाल अळी चिकटलेली दिसते. अंगभर मऊ, मांसल, टोकाला लाल असलेले काटे आणि शरीराच्या मधोमध एक पांढरा पट्टा. ही कॉमन रोझ या फुलपाखराची अळी. पट्टा नसेल तर ती बहुधा क्रिमझन रोझची.

या अळीची सोयरीक फार दूरवर आहे. जगातलं सर्वांत मोठं फुलपाखरू, क्वीन अलेक्झांड्राज बर्डविंग, पापुआ न्यू गिनीतल्या ओरो प्रांताच्या जंगलात राहतं. त्याच्या मादीचे पसरलेले पंख २५ सेंटिमीटरच्याही पुढे जातात. तिची अळी किडामारच्याच कुळातल्या एका वेलीवर वाढते, आणि वर्गीकरणात ती आणि आपलं कॉमन रोझ एकाच गटात येतात. उलट कॉमन रोझसारखीच दिसणारी, आपल्या दारातल्या कढीपत्त्यावर अंडी घालणारी कॉमन मॉर्मनची मादी मात्र वेगळ्या गटातली. दिसण्यावरून नातं जोडायला गेलं की माणूस इथे हमखास फसतो. स्वॅलोटेल फुलपाखरांच्या वर्गीकरणाचा अडीचशे वर्षांचा इतिहास म्हणजे या फसगतीतून बाहेर पडण्याची खटपट आहे, आणि तिला सर्वांत मोठी मदत झाली ती उष्ण कटिबंधातल्या बेटांची.

स्वॅलोटेल हे कुळ तसं ओळखीचं. जगभरात साडेपाचशेहून अधिक प्रजाती, त्यांतल्या बहुतेक उष्ण प्रदेशातल्या. मागच्या पंखांना पाकोळी पक्ष्यासारखी शेपटी असते म्हणून हे नाव पडलं, पण ती सगळ्यांना नसते. लिंबाच्या बागेत उडणाऱ्या लाइम बटरफ्लायला शेपटी नाही, बहुतेक बर्डविंगनाही नाही. या कुळाची खरी खूण अळीच्या अंगावर सापडते. कढीपत्त्याच्या कुंडीत कॉमन मॉर्मनची अळी असेल तर काडीने हलकेच तिच्या मानेला स्पर्श करून बघा. डोक्यामागून एक लालसर, दुभागलेला, ओला अवयव झटकन बाहेर येतो आणि आंबूस, उग्र वास सुटतो. क्षणभरात तो पुन्हा आत. याला ऑस्मेटेरियम म्हणतात. अळीच्या मुंग्यांसारख्या शत्रूंना पळवून लावायचं हे हत्यार स्वॅलोटेल कुळातल्या अळ्यांकडे असतं, इतर फुलपाखरांच्या अळ्यांकडे नसतं.

कुळाच्या पोटात गट आहेत. सोलापुरात सहज भेटणारी स्वॅलोटेल त्यातल्या तिघांत बसतात. कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ बर्डविंगच्या गटात. कॉमन मॉर्मन आणि लाइम ही पॅपिलिओ गटात, यांच्या अळ्या लिंबू, बेल, कढीपत्ता अशा एकाच कुळातल्या झाडांवर पोसतात. कुंपणाला लावलेल्या उंच, सरळ अशोकावर अंडी घालणारं हिरव्या ठिपक्यांचं टेल्ड जे तिसऱ्या गटात. अळीचं ताट पाहिलं की गट जवळपास कळतोच. पंखांचं तसं नाही.

१७५८ साली स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने प्राण्यांना दोन शब्दी शास्त्रीय नावं द्यायला सुरुवात केली तेव्हा सगळी फुलपाखरं ‘पॅपिलिओ’ या एकाच प्रजातिगणात (जीनसमध्ये) घातली. त्यातल्या मोठ्या, देखण्या स्वॅलोटेलना त्याने ट्रॉयच्या युद्धातल्या वीरांची नावं दिली. आपल्या क्रिमझन रोझचं ‘हेक्टर’ हे नाव तिथलंच. त्याच यादीत ‘पॅमॉन’ आणि ‘पॉलिटेस’ अशी आणखी दोन नावं होती. एक काळं, पांढऱ्या ठिपक्यांच्या पट्ट्याचं फुलपाखरू, तर दुसरं मागच्या पंखांवर लाल डाग असलेलं. दोन रूपं, म्हणून दोन प्रजाती. प्रत्यक्षात ती दोन्ही कॉमन मॉर्मनच होती. लिनियसला दोष देण्यात अर्थ नाही. टाचणीने टोचलेला कोरडा नमुना आपली आई कोण हे सांगत नाही.

ते समजायला जिवंत फुलपाखरं पाहणारा माणूस लागला. इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस १८५४ ते १८६२ अशी आठ वर्षं मलाय द्वीपसमूहात, म्हणजे आजच्या इंडोनेशिया-मलेशियाच्या भागात, बेटांमागून बेटं हिंडला. त्याने आणलेल्या नमुन्यांची संख्या सव्वा लाखाच्या घरात आहे. १८५९ मध्ये बाचान बेटावर त्याला सोनेरी-नारिंगी बर्डविंगचा नर सापडला, तेव्हा छाती इतकी धडधडली की उरलेला दिवस डोकेदुखीत गेला, असं त्याने लिहून ठेवलं आहे. मला मात्र त्या आनंदापेक्षा त्याने १८६५ मध्ये प्रसिद्ध केलेला मलायी स्वॅलोटेलवरचा निबंध जास्त मोलाचा वाटतो. त्यात त्याने आधी एक साधा प्रश्न विचारला: दोन फुलपाखरं वेगळी दिसतात, पण ती कोणत्या प्रकारे वेगळी आहेत? एकाच बेटावर, एकाच आईच्या पोटी दोन-तीन तऱ्हांच्या मुली निपजतात, हा एक प्रकार. दोन बेटांवरचे समूह थोडे थोडे वेगळे झालेत, हा दुसरा. आणि इतके वेगळे झालेत की त्यांना स्वतंत्र प्रजाती म्हणावं, हा तिसरा. हे तिन्ही प्रकार तोवर एकाच पोत्यात भरले जात होते. पॉलिटेस आणि पॅमॉन एकच, हे त्याने ठामपणे मांडलं. ग्रेट मॉर्मन या तिथल्या आणखी एका स्वॅलोटेलच्या शेपटीवाल्या आणि बिनशेपटीच्या माद्या एकाच प्रजातीच्या, हेही.

बेटांनी त्याला आणखी एक गोष्ट दाखवली. सुमात्रा, जावा, बोर्निओ इथली फुलपाखरं एकमेकांशी बऱ्यापैकी जुळतात, पण सुलावेसीची अगदी वेगळी. आकाराने मोठी, पुढच्या पंखाची कड मुळाशी एकदम वाकलेली, आणि हा बाक तिथल्या अनेक प्रजातींत सारखाच. याचं कारण समुद्राच्या तळाशी आहे. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती. जावा, सुमात्रा, बोर्निओ तेव्हा आशियाच्या भूमीला जोडलेले होते, तिथली फुलपाखरं ये-जा करत होती. सुलावेसीभोवती खोल समुद्र आहे, ते तेव्हाही बेटच राहिलं. उथळ आणि खोल समुद्राचा हा फरक वॉलेसच्याही ध्यानात आला होता.

माद्यांच्या कोड्याचं दुसरं टोक मादागास्करला सुटलं. आफ्रिकेत पॅपिलिओ डार्डेनसचा नर पिवळा, शेपटीवाला. त्याच्या बहुतेक माद्या मात्र बिनशेपटीच्या आणि नाना रंगांच्या, प्रत्येक रूप वेगवेगळ्या विषारी फुलपाखराची नक्कल करणारं. त्यांना अर्थातच वेगवेगळ्या प्रजाती मानलं गेलं. मादागास्करची मादी मात्र नरासारखीच पिवळी आणि शेपटीवाली. रोलंड ट्रायमनने १८६० च्या दशकाच्या अखेरीस हे धागे जुळवून दाखवलं की आफ्रिकेतल्या त्या सगळ्या ‘प्रजाती’ म्हणजे याच नराच्या माद्या आहेत. त्या काळी अनेकांना हे पटलं नाही, आणि नवल नाही.

अशा वादाचा निकाल लावायचा एकच खात्रीचा मार्ग होता: अंड्यापासून वाढवून बघणे. श्रीलंकेत फ्रायर या कीटक-अभ्यासकांनी कॉमन मॉर्मनच्या पिढ्यामागून पिढ्या वाढवल्या आणि १९१४ च्या सुमारास निष्कर्ष छापले. भारत-श्रीलंकेत या मादीची तीन रूपं आहेत. एक नरासारखं, एक कॉमन रोझसारखं, एक क्रिमझन रोझसारखं. तिन्ही आनुवंशिकतेच्या नियमांनी चालतात. नराकडेही नकलेचं जनुक असतं, ते फक्त त्याच्या पंखांवर उमटत नाही. पुढे लिव्हरपूलचे डॉक्टर सिरिल क्लार्क आणि फिलिप शेपर्ड यांनी याच गटातल्या फुलपाखरांचे संकर करून हे काम खूप पुढे नेलं. क्लार्क पेशाने वैद्य होते. फुलपाखरांच्या आनुवंशिकतेतून त्यांचं लक्ष माणसाच्या रक्तगटांकडे वळलं आणि त्यांच्या गटाच्या कामातून आरएच निगेटिव्ह मातांना दिलं जाणारं अँटी-डी इंजेक्शन आलं. सोलापुरातल्या प्रसूतिगृहांत आज जे इंजेक्शन सर्रास दिलं जातं, त्याच्या इतिहासात स्वॅलोटेलच्या अळ्या आहेत. फुलपाखरांचा अभ्यास म्हणजे रिकामपणचा उद्योग, असं कोणी म्हणालं की मला हे आठवतं.

जनुक नेमकं कोणतं, हे २०१४ मध्ये कळलं. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातले कृष्णमेघ कुंटे आणि शिकागोचे मार्कस क्रॉनफोर्स्ट यांच्या चमूने दाखवलं की हा सगळा खेळ ‘डबलसेक्स’ या एकाच जनुकाचा आहे. कीटकांमध्ये नर-मादीच्या शरीरातले फरक ठरवणारं हे जनुक. कॉमन मॉर्मनमध्ये त्यानेच मादीच्या पंखांचं काम अंगावर घेतलं. जवळजवळ सगळा पंख बदलतो, पण जनुकांचा फरक इवलासा. तेव्हा पंख किती वेगळे दिसतात यावर नात्याचं अंतर मोजणं किती धोक्याचं आहे, हे आता रेणूंच्या पातळीवरही उघड झालं आहे.

ही नक्कल का टिकते, तेही बेटांवर नीट दिसतं. रोझची फुलपाखरं किडामारच्या कुळातली विषारी द्रव्यं अळीपणीच अंगात साठवतात, म्हणून पक्षी त्यांना टाळतात. मॉर्मन निर्विष, ती फक्त वेष घेते. जपानच्या मियाको बेटावर कॉमन रोझ पूर्वी नव्हतं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते तिथे येऊन वसलं आणि त्यानंतर नक्कल करणाऱ्या मॉर्मन माद्यांचं प्रमाण वाढत गेलं. क्रिमझन रोझ भारत-श्रीलंकेच्या बाजूचं, म्हणून त्याची नक्कल करणारं रूपही इकडेच. सोलापुरात घाणेरीच्या फुलांवर लाल डागांचं काळं फुलपाखरू दिसलं तर आधी त्याच्या धडाकडे बघा. धड लाल असेल तर खरं रोझ, काळं असेल तर मॉर्मनची मादी. पंख चोरले, धड नाही चोरता आलं.

इथवरची गोष्ट ‘वेगळं दिसतं पण एकच आहे’ या प्रकारची. बेटांवरचा अवघड प्रश्न पुढचा आहे. न्यू गिनीचं प्रियामस बर्डविंग हिरवं, सॉलोमन बेटांच्या बाजूचा त्याचा भाऊबंद निळा, आणि वॉलेसचं मोलुक्का बेटांवरचं सोनेरी-नारिंगी. नर असे भडक वेगळे, आणि माद्या सगळीकडे तपकिरी-काळ्या, एकमेकींसारख्या. या तीन प्रजाती की एकाच प्रजातीच्या उपप्रजाती? एकाच जंगलात राहणारे दोन समूह आपसात वीण करत नसतील तर त्यांना दोन प्रजाती म्हणता येतं, निसर्गानेच निकाल दिलेला असतो. मध्ये शेकडो किलोमीटर समुद्र असेल तर तो निकाल लागतच नाही. म्हणून निळ्या बर्डविंगला काही अभ्यासक स्वतंत्र प्रजाती मानतात, काही प्रियामसची उपप्रजाती. इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयात वॉल्टर रॉथ्सचाइल्डबरोबर काम करणाऱ्या कार्ल जॉर्डनने १८९० च्या दशकात पंख बाजूला ठेवून जननेंद्रियांच्या रचनेची बारकाईने तुलना केली, बेटाबेटांवरच्या रूपांना तिसरं नाव लावून उपप्रजाती म्हणून नोंदवायची शिस्त पाडली. आज त्याच्या जोडीला डीएनए आहे. तरीही रेघ कुठे ओढायची, हा निर्णय शेवटी माणूसच घेतो. मला तर हे मोकळेपणाने मान्य केलेलं बरं वाटतं. उपप्रजाती म्हणजे दुय्यम काहीतरी, असा समज झाला की तिच्या जंगलाकडेही दुर्लक्ष होतं.

आपल्याजवळचं उदाहरण श्रीलंकेचं. सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या ओल्या जंगलांत मलबार रोझ आहे, पलीकडे सिलोन रोझ. दीर्घकाळ ती एकच प्रजाती धरली जात होती, आता दोन मानतात. हिमयुगात भारत-श्रीलंकेमधला उथळ समुद्र कोरडा पडला होता, पण दोन्ही जंगलांच्या मधला कोरडा प्रदेश ओल्या जंगलातल्या फुलपाखराला समुद्राइतकाच अडवतो. आपलं राज्य फुलपाखरू, २०१५ मध्ये तो मान मिळालेलं ब्लू मॉर्मन म्हणजे राणी पाकोळी, मात्र सह्याद्रीतही आहे आणि श्रीलंकेतही, आणि त्याचा जवळचा नातेवाईक अंदमान मॉर्मन फक्त अंदमानात.

फिलिपिन्सच्या बाजूच्या कॉमन मॉर्मनलाही काही अभ्यासक आता ‘अल्फेनॉर’ ही स्वतंत्र प्रजाती मानू लागले आहेत.

नावांच्या या घोळाचा शेतकऱ्याशी संबंध काय, असं वाटेल. लिंबाच्या रोपांची पानं खाणारं आपलं लाइम बटरफ्लाय घ्या. त्याच्या जवळच्या गटात पाच प्रजाती, त्यांतल्या तीन एकट्या मादागास्करवर. लाइम मात्र अरबस्तानापासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेलं, उपप्रजातींत विभागलेलं. आपल्याकडची अळी लिंबूवर्गीय पानं खाते. ऑस्ट्रेलियातली उपप्रजाती बागेत लिंबू असूनही त्याकडे फिरकत नाही, ती बावचीच्या जातकुळीतल्या शेंगावर्गीय झुडपांवर वाढते. २००४ मध्ये हेच लाइम बटरफ्लाय अचानक डोमिनिकन प्रजासत्ताकात सापडलं, अटलांटिकच्या पलीकडे, आणि पाठोपाठ जमैका, प्वेर्तो रिको, क्युबा इथेही. ती कोणत्या उपप्रजातीची, यावर तिथल्या लिंबू-संत्र्याच्या रोपवाटिकांचं भवितव्य अवलंबून होतं. डीएनएने उत्तर दिलं: आलेली फुलपाखरं आग्नेय आशियातली, लिंबू खाणारी.