ठिपक्यांचा सवंगडी : चित्रपुस्तकांतले काल्पनिक मित्र आणि स्वतःची किंमत

न दिसणारी गोष्ट मुलांना चित्रातून कशी दाखवायची, हा प्रश्न चित्रपुस्तकांइतकाच जुना आहे. १६५८ साली न्यूरेंबर्गला छापलेल्या, शिक्षणतज्ज्ञ कोमेनियसच्या ‘ऑर्बिस सेन्सुअलियम पिक्टस’मध्ये दीडशे प्रकरणे आहेत. अग्नी, ढग, पक्षी, सुताराची हत्यारे अशा प्रत्येक विषयाला लाकडी ठशाचे एक चित्र, चित्रातल्या भागांना आकडे आणि सोबत लॅटिन व जर्मन मजकूर. याच ओळीत माणसाच्या आत्म्याचेही एक प्रकरण येते. तिथे माणसाची आकृती आहे, पण सलग रेघेची नाही, नुसत्या ठिपक्यांची. आज एखाद्या पुस्तकात मुलाचा काल्पनिक मित्र तुटक रेघेने काढलेला दिसतो तेव्हा चित्रकाराने कोमेनियस पाहिलेला असेलच असे नाही, पण युक्ती तीच आहे. दोन्हीकडे ठिपक्यांनी जे दाखवले आहे ते माणसाच्या आतले आहे.

काल्पनिक मित्र आणि स्वतःची किंमत हे दोन विषय आज एकाच पुस्तकात इतक्या सहज भेटतात की ते जन्मापासून जोडीने आले असावेत असे वाटते. प्रत्यक्षात एक आला मुलांच्या खेळाच्या निरीक्षणातून आणि दुसरा मोठ्यांच्या मानसशास्त्रातून. त्यांची गाठ पडली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. ती गाठ काही पुस्तकांत छान बसली आहे, बऱ्याच पुस्तकांत काचते. ती का काचते, हे त्या दोन धाग्यांचा उगम पाहिला की कळते.

फ्रँकफर्टचे डॉक्टर हाइनरिख हॉफमान यांनी १८४४च्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी हाताने एक चित्रवही तयार केली. ती १८४५मध्ये छापली गेली आणि युरोपभर पसरली. तिच्यात अंगठा चोखणाऱ्या मुलाचे अंगठे शिंपी कात्रीने छाटतो आणि सूप नाकारणारा मुलगा पाचव्या दिवशी मरतो. मुलाची किंमत इथे आज्ञा पाळण्यावरून ठरते आणि ठरवणारा मोठा माणूस चित्राच्या चौकटीबाहेर उभा असतो. या मोठ्या माणसाला लक्षात ठेवावे लागेल, कारण तो पुढे वेष बदलून परत येतो.

चाळीस वर्षांनी, १८८५मध्ये, रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या बालकवितांच्या संग्रहात एक न दिसणारा सवंगडी आला. मूल एकटे आणि आनंदात असले की तो येतो, आणि खेळण्यातल्या शिपायांची लढाई लागली की हरणारी बाजू घेतो. हा शेवटचा तपशील फार नेमका आहे. जिंकायचे तर समोर कुणीतरी हरायला हवे, आणि एकट्या मुलाने ती सोय स्वतःच करून घेतलेली आहे. सवंगडी इथे काही शिकवत नाही, शाबासकी देत नाही. तो मुलाच्या कामाला येतो.

अभ्यासकांची नजर या सवंगड्याकडे थोडी उशिरा वळली. क्लारा वोस्त्रोव्स्की यांचा लेख १८९५चा. १९३४मध्ये मार्गारेट स्वेंडसेन यांनी जी व्याख्या केली ती पुढे अनेक दशके वापरली गेली : न दिसणारे पात्र, ज्याला नाव आहे, ज्याच्याविषयी मूल इतरांशी बोलते किंवा ज्याच्याशी थेट खेळते, आणि जे निदान काही महिने टिकते. बाहुली किंवा अस्वल यांना जिवंत मानणे त्यांनी मुद्दाम बाहेर ठेवले. पुढे हे कुंपण निघाले. मानसशास्त्रज्ञ मार्जरी टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्यक्तिमत्त्व दिलेली खेळणीही धरली, तेव्हा २००४च्या त्यांच्या अभ्यासात सातव्या वर्षापर्यंत कधी ना कधी असा मित्र असलेली मुले ६५ टक्के निघाली. शाळेत जाऊ लागलेल्या मुलांतही हे प्रमाण ओसरले नव्हते. ‘एकटी, बुजरी मुलेच असले मित्र करतात’ हा समज इथे टिकत नाही. त्याच संशोधनातली आणखी एक गोष्ट लेखकांनी भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे : हे मित्र पुष्कळदा ऐकत नाहीत. बोलावले की येत नाहीत, भांडतात, आपलेच खरे करतात.

मधल्या काळात दोन महत्त्वाची पावले पडली. मनोविश्लेषक डॉनल्ड विनिकॉट यांनी १९५१मध्ये मांडले की मुलाच्या हातातली गोधडी किंवा मऊ खेळणे हे धड आतलेही नसते आणि धड बाहेरचेही नसते. ‘हे तू बनवलेस की तुला मिळाले?’ असे मुलाला विचारायचे नसते. १९५९मध्ये बालमनोविश्लेषक सेल्मा फ्रायबर्ग यांनी तीन वर्षांचीही न झालेल्या एका मुलीच्या हसऱ्या वाघाची हकिकत लिहिली. तिला चावणाऱ्या जनावरांची भीती होती, म्हणून तिने न चावणारा वाघ तयार केला. भीतीवरचा इलाज तिने स्वतः, कुणी न सांगता शोधला. स्वतःच्या किमतीचा खरा धागा या वाघापाशी आहे. मुलाला बळ मिळते ते वाघाच्या बोलण्यातून नव्हे, वाघ घडवण्यातून.

चित्रपुस्तकांनी हे त्याच सुमारास ओळखले. क्रॉकेट जॉन्सनच्या १९५५च्या पुस्तकातला छोटा मुलगा जांभळ्या खडूने स्वतःचे जग काढत जातो. काढलेल्या ड्रॅगनला तोच घाबरतो, हात थरथरतो आणि त्या थरथरीच्या रेघांचा समुद्र होतो. मग बुडू नये म्हणून तो होडी काढतो. या रेघेमागे छपाईचेही कारण होते. त्या काळी अनेक पुस्तकांचे रंग चित्रकारालाच वेगवेगळे करून द्यावे लागत. प्रत्येक शाईसाठी पारदर्शक कागदावर स्वतंत्र चित्र काढायचे, आणि छापताना ती सगळी एकमेकांवर बरोबर बसायला हवीत. दोन-तीन शायांत काम भागवणे स्वस्त पडे. एका रंगाला ‘कल्पनेचा रंग’ ठरवण्याची पद्धत अशा मर्यादेत चांगली रुजली.

१९६३मध्ये मॉरिस सेंडाकने रंगाऐवजी जागा वापरली. शिक्षा म्हणून खोलीत बंद केलेल्या मुलाचे चित्र सुरुवातीला छोट्या चौकटीत आहे, भोवती पांढरी मोकळी जागा. खोलीत जंगल वाढू लागते तशी चौकट वाढते, पान भरते, दोन पानांमधली शिवण ओलांडते, आणि राक्षसांचा धिंगाणा सुरू झाला की सलग तीन जोडपानांवर (समोरासमोरच्या दोन पानांवर) एकही शब्द उरत नाही. नंतर चित्र पुन्हा आक्रसते. मुलाला राजेपण आयते मिळाले नाही. त्याने त्या राक्षसांच्या पिवळ्या डोळ्यांत रोखून पाहिले, म्हणून तो राजा झाला. १९७७मध्ये जॉन बर्निंगहॅमने पुस्तकाची शिवणच कामाला लावली. डाव्या पानावर समुद्रकिनारी खुर्च्यांत बसलेले, फिकट रंगातले आईवडील मुलीला सूचना देत राहतात, उजव्या पानावर तीच मुलगी चाच्यांच्या जहाजावर असते. दोन्ही पाने एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत.

आता दुसरा धागा. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १८९०मध्ये आत्मसन्मानाचे, म्हणजे स्वतःची किंमत आपल्याला किती वाटते याचे, गणित मांडले : मिळालेले यश भागिले आपल्या अपेक्षा. आत्मसन्मान मोजणारी मॉरिस रोझेनबर्गची दहा विधानांची प्रश्नावली १९६५ची, आणि ती किशोरवयीनांसाठी केलेली. १९८६मध्ये कॅलिफोर्निया राज्याने आत्मसन्मान वाढवण्यासाठी सरकारी कृतिगट नेमला आणि १९९०मध्ये त्याचा अहवाल आला. हा उत्साह अमेरिकेतल्या शाळांत आणि मुलांच्या पुस्तकांत उतरला, ‘तू खास आहेस, जसा आहेस तसा छान आहेस’ हे वाक्य घेऊन. दरम्यान, १९८९मध्ये त्याच उपक्रमासाठी अभ्यासकांनी केलेल्या आढाव्यात आत्मसन्मान आणि त्याचे अपेक्षित परिणाम यांतला संबंध कच्चाच निघाला होता. २००३मध्ये रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी मोठा आढावा घेतला. नुसता आत्मसन्मान वाढवल्याने अभ्यासात प्रगती होते, असे त्यांना दिसले नाही. २०१४चा एडी ब्रुमेलमान यांचा डच प्रयोग तर पुस्तकवाल्यांनी मुळातून वाचावा. ज्या मुलांना स्वतःविषयी फारसे बरे वाटत नव्हते, त्यांच्या चित्राला ‘अविश्वसनीय सुंदर’ म्हटले, तेव्हा त्यांनी पुढची अवघड चित्रे टाळली. फुगवलेली शाबासकी त्यांना पुढच्या वेळची अट वाटली असावी.

या सगळ्यात सर्वांत उपयोगी माहिती मात्र एका चाचणीत दडलेली आहे. सुझन हार्टर आणि रॉबिन पाइक यांनी १९८४मध्ये चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी चित्रांची चाचणी केली. दोन मुलांची चित्रे दाखवायची, एकाला कोडे जमते, एकाला जमत नाही, आणि विचारायचे : ‘तू कुणासारखा?’ अभ्यासातले कौशल्य, शरीराचे कौशल्य, सवंगड्यांत सामावणे, आईकडून मिळणारा स्वीकार, असे चार भाग, प्रत्येकी सहा प्रश्न. मोठ्या मुलांच्या चाचणीत असलेला ‘एकूण स्वमूल्य’ हा भाग इथे ठेवलाच नाही, कारण साधारण आठव्या वर्षाआधी मूल ‘मी एकंदर कसा आहे’ असा निवाडा शब्दांत करत नाही. ते ‘मला झाडावर चढता येते’ असे सांगते. चित्रपुस्तकाचा मुख्य वाचक याच वयाचा. म्हणजे ‘तुझी किंमत तुझ्या आत आहे’ हे वाक्य त्याला गोड लागेल, पण हाती काही लागणार नाही. झाडावर चढणे लागेल.

ही गोष्ट नजरेआड झाली की हॉफमानच्या चौकटीबाहेरचा मोठा माणूस परत येतो. या वेळी कात्री नसते. तो मऊ, केसाळ, गोल पोटाचा मित्र होऊन येतो आणि मुलाला त्याची किंमत सांगतो. न्याय करणारा तोच, फक्त निकाल गोड. मुलाला हे चटकन कळते, कारण त्याचा स्वतःचा काल्पनिक मित्र सहसा असा वागत नाही. प्राण्याचे रूप देऊन उपदेश झाकता येतो, ही समजूतही तपासली गेली आहे. टोरंटो विद्यापीठातल्या संशोधनात चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची एकच गोष्ट दोन रूपांत वाचून दाखवली. माणसांची पात्रे असलेल्या गोष्टीनंतर मुलांनी स्वतःची स्टिकरे जास्त वाटली, प्राण्यांच्या गोष्टीनंतर मात्र वाटणे वाढले नाही.

हस्तलिखित तपासताना एक साधी कसोटी लावावी. मित्राचे सगळे संवाद हाताने झाका आणि पुस्तक चाळा. मूल प्रत्येक जोडपानावर काही ठरवत, करत, चुकत असेल तर पुस्तक उभे आहे. नुसते ऐकत उभे असेल तर चित्रे कितीही देखणी असोत, मजकूर पुन्हा लिहावा लागेल. जागा थोडी असते. सोळा पानांचे दोन फर्मे (एकत्र छापून घडी घातलेले कागद) मिळून ३२ पाने, त्यांत शीर्षक आणि मुद्रणतपशील गेले की बारा ते चौदा जोडपाने उरतात. मुलाची अडचण पहिल्या तीन जोडपानांत चित्रातूनच दिसायला हवी आणि मित्र चौथ्यापर्यंत यायला हवा. सातव्या-आठव्यावर मित्राने एकदा तरी ऐकायचे नाकारावे. नेमके इथेच मुलाला स्वतः काही करावे लागते.

चित्रात मित्र वेगळा दिसण्यासाठी जो नियम ठरेल, तुटक रेघ, एकच रंग किंवा आकार, तो शेवटपर्यंत पाळावा. मोडायचा तर एकदाच, गोष्टीला वळण देण्यासाठी. छपाईत दोन चुका नेहमी होतात. पारदर्शक दिसावा म्हणून मित्र फार फिका ठेवला जातो. तीन-चार टक्क्यांखालचा टिंट (फिकी छटा) ऑफसेट छपाईत धरत नाही, आणि गुळगुळीत नसलेल्या कागदावर शाईचे ठिपके फुगून मधल्या छटा गडद होतात, म्हणून त्याच कागदावर नमुना काढल्याशिवाय रंग ठरवू नये. दुसरी चूक शिवणीची. मूल डावीकडे आणि मित्र उजवीकडे ठेवताना त्यांचे धरलेले हात किंवा चेहरा मधोमध येतो आणि चिकटबांधणीत (पाने कडेला डिंकाने चिकटवलेल्या बांधणीत) गडप होतो. दोन्ही बाजूंना निदान एक सेंटिमीटर मोकळा हवा.

अलीकडे मित्राच्या बाजूने सांगितलेली पुस्तकेही आली. डॅन सँटाटच्या २०१४च्या पुस्तकात कुणीतरी आपली कल्पना करावी म्हणून ताटकळलेला मित्र कंटाळून स्वतःच मूल शोधायला निघतो. या पुस्तकाला २०१५चे कॅल्डेकॉट पदक, अमेरिकेतला चित्रपुस्तकांचा मानाचा पुरस्कार, मिळाले. इथे ‘मी कुणाला हवा आहे का?’ हा मुलाचाच प्रश्न मित्राच्या तोंडी आला आहे, आणि त्याला उत्तर मिळते ते नाव मिळण्यातून.

शेवटच्या पानावर मित्राचे काय करायचे, यावर मात्र पुस्तके अजून अडखळतात. सर्वांत सोपा आणि सर्वाधिक वापरलेला शेवट म्हणजे खरा मित्र मिळतो आणि काल्पनिक मित्र हात हलवत निघून जातो. यातून मुलापर्यंत नकळत पोचते ते असे, की तो मित्र कमतरतेची भरपाई होता. प्रत्यक्षात असे मित्र बहुधा निरोप न घेताच विरत जातात, आणि खऱ्या मित्रांच्या शेजारीही राहतात. बर्निंगहॅमच्या १९९१च्या पुस्तकातल्या मुलीला तिच्या सशाची काही दिवस आठवणही होत नाही. पण फारच वाईट काही घडले तर तो असेल, हे तिला ठाऊक आहे.