सॅमन, अस्वल आणि युरियाची गोणी

पॅसिफिक महासागरातला सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा जन्माच्या ओढ्यात येतो. (आपल्याकडे रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, पण तो वेगळ्याच कुळातला.) पॅसिफिक सॅमनचं 95 टक्क्यांहून जास्त वजन समुद्रात भरलेलं असतं. ओढ्यात शिरल्यावर तो खात नाही. अंडी घालतो आणि थोड्याच दिवसांत मरतो. माशाच्या वजनात साधारण 3 टक्के नत्र धरलं, तर अडीच किलोच्या माशात 75 ग्रॅम. युरियाच्या 45 किलोंच्या गोणीत जेवढं नत्र, तेवढं पावणेतीनशे मासे घेऊन येतात.

पण मासा पाण्यात, झाड काठावर. मधला हमाल म्हणजे अस्वल. मासे मुबलक असले की ते चोखंदळ होतं: मादीचं पोट फाडून गाबोळी खातं, डोकं फोडून मेंदू खातं, बाकीचं धूड झाडीत टाकून देतं. त्यावर निळ्या माश्या अंडी घालतात आणि काही दिवसांत अळ्या मांस फस्त करतात. अस्वलाने जे खाल्लं, त्यातलं बहुतेक नत्र मूत्रावाटे जंगलात जातं.

झाडातलं नत्र समुद्राचं, हे ओळखतात नायट्रोजन-15 या नत्राच्याच जरा जड प्रकारावरून (समस्थानिकावरून). समुद्री अन्नसाखळीत वर असलेल्या सॅमनमध्ये त्याचं प्रमाण जास्त असतं. गोम इथेच आहे. काठच्या ओल्या मातीतले जिवाणू नायट्रेटचा वायू करताना हलकं नत्र आधी उडवतात आणि जड मागे उरतं. सॅमन न येताही आकडा फुगतो.

सॅमनच्या नत्राने झाडं खरंच वाढतात का, याची चांगली परीक्षा अलास्कातल्या हॅन्सन क्रीकवर झाली. जेमतेम 2 किलोमीटरचा ओढा, इतका उथळ की सॉकाय जातीच्या सॅमनची पाठ पाण्याबाहेर दिसते. वॉशिंग्टन विद्यापीठाचे संशोधक मेलेले मासे मोजत. तोच मासा दुसऱ्यांदा मोजला जाऊ नये म्हणून तो आकडीने उचलून काठावर फेकत, नेहमी एकाच काठावर. 20 वर्षांत 2 लाख 17 हजार मासे, सुमारे 267 टन! मग दोन्ही काठांवरचे पांढरे स्प्रूस (सुईसारख्या पानांची झाडं) तपासले. खत मिळालेल्या काठावर सुयांमध्ये नायट्रोजन-15 जास्त होतं, वाढीलाही वेग आला होता. मात्र नुसती आजची वाढ शेजारी-शेजारी ठेवली असती तर हा परिणाम नीट दिसला नसता. खोडातली वर्तुळं सांगत होती की प्रयोगाआधी समोरच्या काठावरचीच झाडं जोमात होती. खताने मागे पडलेल्यांना तेवढं अंतर भरून काढता आलं.