जर्मनीत यजमान कुटुंबात राहून मुलांची देखभाल: ओ-पेअर व्हिसाची पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

परदेशी कुटुंबात राहायचे, त्यांच्या मुलांना सांभाळायचे आणि त्यातून तिथली भाषा व राहणीमान शिकायचे, या व्यवस्थेला युरोपात ‘ओ-पेअर’ म्हणतात. या फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘बरोबरीच्या नात्याने’ असा आहे आणि पुढची सर्व प्रक्रिया समजून घेताना हा अर्थ डोळ्यांसमोर असावा. स्ट्रासबुर्ग येथे 1969 साली झालेल्या युरोपीय करारानेही ओ-पेअरला निव्वळ विद्यार्थी किंवा निव्वळ कामगार न मानता दोन्हींची वैशिष्ट्ये असलेला वेगळा वर्ग मानले. जर्मनीतील स्वयंसेवा मात्र निराळी आहे. तेथे बालवाडीसारख्या संस्थेशी करार होतो आणि त्यासाठी निवासाचा परवानाही वेगळा असतो. कुटुंबात राहायचे असेल, तर अर्ज ओ-पेअर म्हणूनच करावा.

अर्जदाराचे वय किमान 18 असावे आणि अर्ज करताना 27 पूर्ण झालेले नसावे. मुलगा असो वा मुलगी, नियम एकच आहे. वास्तव्य किमान सहा महिने आणि जास्तीत जास्त एक वर्ष असते, आणि पूर्वी जर्मनीत ओ-पेअर म्हणून राहिलेल्या व्यक्तीला पुन्हा ही संधी मिळत नाही. जर्मन भाषेचे ए-1 पातळीचे मूलभूत ज्ञान आवश्यक आहे. पुणे आणि मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात, म्हणजे जर्मन भाषा व संस्कृती केंद्रात, या पातळीची परीक्षा देता येते व उत्तीर्ण होण्यासाठी 100 पैकी 60 गुण लागतात. तोंडी परीक्षेत समोर एक चिठ्ठी असते; तिच्यावर नाव, वय, देश, राहण्याचे ठिकाण, भाषा, व्यवसाय, छंद एवढेच शब्द असतात आणि त्यांच्या आधाराने स्वतःची ओळख करून द्यावी लागते. ही ओळख पाठ करून नव्हे, समजून बोलता यावी, कारण व्हिसाच्या वेळीही भाषेची चाचपणी होऊ शकते.

यजमान कुटुंबात 18 वर्षांखालील किमान एक मूल असावे आणि अर्जदार त्या कुटुंबाचा नातेवाईक नसावा. आपल्या वाचकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची अट भाषेची आहे. कुटुंबात जर्मन ही मातृभाषा म्हणून बोलली जावी. ती मातृभाषा नसून केवळ घरात वापरली जाणारी भाषा असेल, तर ओ-पेअर यजमान पालकांच्या मूळ देशातील असून चालत नाही. म्हणजे म्युनिक किंवा बर्लिनमध्ये स्थायिक झालेल्या, घरात मराठी बोलणाऱ्या कुटुंबाला आपल्या गावाकडच्या मुलीला या व्हिसावर बोलावून घेता येत नाही. ओळखीतून ठरवलेले बेत नेमके इथेच अडतात, म्हणून ही अट आधी तपासावी.

कुटुंब ठरले की लेखी करार होतो, आणि माझ्या मते संपूर्ण अर्जातील हाच सर्वांत मोलाचा कागद आहे. काम दिवसाला सहा तासांपेक्षा आणि आठवड्याला 30 तासांपेक्षा अधिक असू नये आणि संध्याकाळी मुलांजवळ थांबण्याचा वेळही त्यातच मोजला जावा. आठवड्यातून दीड दिवस सुट्टी, चार संध्याकाळी मोकळ्या आणि महिन्यातून किमान एक रविवार पूर्ण मोकळा मिळावा. हातखर्चासाठी दरमहा 280 युरो, तर भाषावर्गासाठी दरमहा 70 युरो कुटुंबाने द्यायचे असतात. आजारपणात व सुट्टीतही हातखर्च थांबत नाही, आणि पूर्ण वर्षाच्या वास्तव्यात चार आठवड्यांची रजा मिळते. जेवण, विमा आणि स्वतंत्र खोली ही कुटुंबाची जबाबदारी आहे. खोली किमान आठ चौरस मीटरची, खिडकी असलेली आणि थंडीत गरम ठेवता येणारी असावी. मुलांना शाळेत पोहोचवणे, त्यांच्याशी खेळणे, त्यांचे कपडे धुणे, हलका स्वयंपाक ही कामे या व्यवस्थेत बसतात. घरातील वृद्धांची किंवा रुग्णांची शुश्रूषा बसत नाही. सही करण्यापूर्वी मंगळवारी सकाळी काय आणि शनिवारी रात्री काय, असे आठवड्याचे वेळापत्रक कुटुंबाकडून लिहून घ्यावे.

व्हिसा अर्जासोबत गेल्या दहा वर्षांत काढलेला व किमान दोन कोरी पाने असलेला पासपोर्ट, 35 गुणिले 45 मिलिमीटरचे बायोमेट्रिक फोटो, भरलेला अर्ज, दोन्ही पक्षांच्या सह्यांचा करार, ए-1 प्रमाणपत्र, शिक्षण व अनुभव सांगणारा जीवनवृत्तान्त आणि ओ-पेअर का व्हायचे आहे हे सांगणारे हेतूपत्र जोडावे. हेतूपत्र स्वतः लिहावे. लहान भावंडांना सांभाळल्याचा किंवा अंगणवाडीत मदत केल्याचा खरा अनुभव दोन साध्या वाक्यांत सांगितलेला असेल, तर मुलाखतीतील प्रश्नांनाही तसेच साधे उत्तर देता येते. महाराष्ट्र व गोव्यातील रहिवासी मुंबईतील जर्मन वाणिज्य दूतावासाच्या कार्यक्षेत्रात येतात. व्हिसा शुल्क 75 युरो आहे. या व्हिसासाठी जर्मनीच्या केंद्रीय रोजगार संस्थेची संमती लागत असल्याने निर्णयाला वेळ लागतो. मंजुरी हाती येईपर्यंत विमानाचे तिकीट काढू नये. जाण्यायेण्याचा खर्च साधारणपणे अर्जदारालाच करावा लागतो.

मध्यस्थ संस्थेची मदत घेणे बंधनकारक नाही. जर्मन नियमांनुसार तेथील मध्यस्थाला ओ-पेअरकडून जास्तीत जास्त 150 युरो घेता येतात. तेव्हा ‘हमखास व्हिसा’ म्हणून लाखांत रक्कम मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये.

जर्मनीत पोहोचल्यावर घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत स्थानिक नोंदणी कार्यालयात पत्ता नोंदवावा आणि व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी परदेशी नागरिक कार्यालयात निवास परवान्यासाठी अर्ज करावा. कुटुंबाशी पटले नाही, तर सामान्यतः दोन आठवड्यांची पूर्वसूचना देऊन करार संपवता येतो. त्यानंतर दुसऱ्या कुटुंबात जायचे असल्यास परदेशी नागरिक कार्यालयाला आधी कळवावे. मात्र दोन्ही कुटुंबांतील वास्तव्य मिळून एक वर्षाची मर्यादा कायम राहते.