दिल्ली पाहायला जाताय? पास आणि ओळखपत्रांचं काम बेळगावातच उरका

दिल्लीचा बेत ठरला की आपल्याकडे पहिली धावपळ होते ती गोवा एक्सप्रेसच्या आरक्षणाची. ते ६० दिवस आधी खुलं होतं, गाडी थेट निजामुद्दीनला सोडते, हे घरोघरी पाठ असतं. राष्ट्रपती भवन आणि संसदेच्या नावनोंदणीचं मात्र दिल्लीत उतरल्यावर आठवतं, आणि तोवर उशीर झालेला असतो. लाल किल्ला तिकिटावर दिसतो, युद्ध स्मारक तिकिटाशिवाय दिसतं. पण राष्ट्रपती भवनात आणि संसदेत नाव आधी कळवलेलं नसेल तर दारातूनच परतावं लागतं.

पात्रतेचा प्रश्न इथे सोपा आहे. भारतीय नागरिक असलं की झालं. रहिवासी दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, काही लागत नाही. सीमाभागात प्रत्येक कामाला दाखले जोडून जोडून दमलेल्यांना हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. लागतं ते फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र, तेही मूळ. झेरॉक्स किंवा मोबाइलमधल्या फोटोच्या भरवशावर जाऊ नका. आपल्या भागातल्या आधारावर नाव कन्नड आणि इंग्रजीत असतं. दिल्लीत इंग्रजी नाव वाचतात, त्यामुळे अडत नाही. अडतं ते आधारावर एक स्पेलिंग आणि मतदार ओळखपत्रावर दुसरं असलं की. ज्या ओळखपत्राचा क्रमांक अर्जात भरला, तेच सोबत न्या आणि नाव त्यावर आहे तसंच, अक्षर न अक्षर, भरा.

राष्ट्रपती भवनासाठी त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर आधी वेळ निवडावी लागते. मुख्य इमारत, संग्रहालय आणि अमृत उद्यान यांचं बुकिंग वेगवेगळं आहे. एकाची नोंदणी केली म्हणून दुसरं आपोआप मिळत नाही. मोबाइलवर ओटीपी येतो, म्हणून ज्याचा नंबर द्याल तो माणूस अर्ज भरताना शेजारी असू दे. गावात कुणी भरून देणारं नसेल तर झेरॉक्सच्या दुकानात किंवा सायबर कॅफेत काम होतं. प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक एका कागदावर लिहून न्या. मुख्य इमारतीसाठी माणशी ५० रुपये शुल्क आहे, आठ वर्षांखालील मुलांना ते नाही. सोमवारी आणि सरकारी सुट्टीला दर्शन बंद असतं.

अमृत उद्यान म्हणजे पूर्वीचं मुघल गार्डन, २०२३ पासून नाव बदललं. प्रवेश फुकट आहे, पण वर्षभर नाही. साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये ते लोकांसाठी खुलं करतात आणि तारखा दरवर्षी वेगळ्या जाहीर होतात. इथेच आपलं गणित चुकतं. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी करावं लागतं, उद्यानाची तारीख मात्र त्यानंतर कळते. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यानंतरचं तिकीट काढलंत तर सहसा फसगत होत नाही. आत जायचं दार ३५ क्रमांकाचं, नॉर्थ अॅव्हेन्यूच्या बाजूचं. खाण्याचे डबे घेऊन जाऊ नका. चकल्या-शंकरपाळ्यांची पिशवी मुक्कामावर ठेवा.

संसदेचं काम वेगळं आहे आणि तिथे ओळखीला खरंच किंमत आहे. अधिवेशन प्रेक्षक गॅलरीतून पाहायचं तर खासदारामार्फत अर्ज करावा लागतो, आणि ‘ही व्यक्ती माझ्या परिचयाची आहे’ असं खासदाराला सहीनिशी लिहून द्यावं लागतं. अर्जात पूर्ण नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, वय, व्यवसाय, पत्ता भरायचा. १३ डिसेंबर २०२३ ला गॅलरीतून दोघांनी सभागृहात उडी मारली, तेव्हापासून तपासणी कडक झाली आहे. फोन आणि पिशवी आत नेता येत नाही, आणि लहान मुलांना गॅलरीचा पास देत नाहीत.

आता खासदार कोणता? बेळगाव शहर, ग्रामीण, बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाक या बाजूचे लोक बेळगाव मतदारसंघात येतात. निपाणी, चिक्कोडी, अथणी, रायबाग, हुक्केरी चिक्कोडीत. खानापूरकरांनी मात्र बेळगावच्या खासदाराच्या कार्यालयात हेलपाटे घालू नयेत. खानापूर आणि कित्तूर विधानसभा मतदारसंघ लोकसभेला उत्तर कन्नडमध्ये आहेत, त्यामुळे पत्र तिकडच्या खासदाराकडूनच मागायचं. कारवार लांब वाटतं, पण निवडून दिलेला प्रतिनिधी तोच.

राष्ट्रीय युद्ध स्मारकाला तिकीट नाही, अर्ज नाही. तरी आपल्या भागातून जाणाऱ्यांनी सर्वात जास्त तयारी याच ठिकाणाची करावी असं माझं मत आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावात, आणि तालुक्यातल्या कितीतरी घरांत भिंतीवर गणवेशातला एक फोटो असतोच. २५ फेब्रुवारी २०१९ ला लोकार्पण झालेल्या या स्मारकातल्या त्याग चक्रात ग्रॅनाइटच्या फरशांवर शहिदांची नावं कोरली आहेत, हजारोंच्या संख्येने. त्यात ‘पाटील’ किंवा ‘जाधव’ शोधत फिरलात तर दिवस मावळेल. म्हणून निघण्यापूर्वी पेन्शनच्या किंवा सेवेच्या कागदांवरून सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, पलटण आणि इंग्रजीतलं नाव लिहून घ्या. कागद हरवले असतील तर मराठा लाइट इन्फन्ट्रीचं अभिलेख कार्यालय बेळगावातच आहे.

एक गोष्ट आधी समजून घ्या, नाहीतर म्हातारी माणसं खट्टू होतात. इथे स्वातंत्र्यानंतरच्या लढायांतली नावं आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात गेलेल्यांपैकी काहींचीच नावं शेजारच्या इंडिया गेटवर आहेत, तेरा हजारांहून अधिक. पण आजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत किंवा ब्रह्मदेशात पडले असतील तर त्यांचं नाव या दोन्ही ठिकाणी सापडणार नाही.

बाकी काम किरकोळ. लाल किल्ला, कुतुबमिनार, हुमायूनचा मकबरा या पुरातत्त्व खात्याच्या वास्तू. तिकीट ऑनलाइन निघतं, भारतीयांना ऑनलाइन ३५ रुपये, खिडकीवर ४०. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. मुलगा उंच असेल तर शाळेचं ओळखपत्र किंवा आधार खिशात असू द्या, वाद वाचतो. लाल किल्ल्यात दिवाण-ए-खासमध्ये मान वर करून बघा. तिथलं चांदीचं छत १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी फौजेचा खर्च भागवायला उतरवलं होतं.

वार बघून आखणी करा. लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, गांधी स्मृती आणि अलीपूर रोडवरचं डॉ. आंबेडकर राष्ट्रीय स्मारक सोमवारी बंद. कुतुबमिनार, हुमायूनचा मकबरा, लोधी गार्डन आणि युद्ध स्मारक सोमवारी पाहता येतात, म्हणून तो दिवस त्यांच्यासाठी राखा. येताना आग्र्याला उतरणार असाल तर ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. २६ जानेवारीच्या आधी संचलनाच्या सरावामुळे कर्तव्य पथाच्या बाजूचे रस्ते अडवलेले असतात, आणि १५ ऑगस्टच्या आधी लाल किल्लाही पर्यटकांना काही दिवस बंद ठेवतात. त्या काळातलं तिकीट स्वस्तात मिळतंय म्हणून काढू नका.